काउंटडाउन टायमर इंदुरात बरोबर, न्यू जर्सीत चुकीचा: मंडळांसाठी क्रमवार पद्धत

मंडळाचा कार्यक्रम सभागृहात होतो आणि त्याच वेळी ऑनलाइनही दाखवला जातो, हे आता नेहमीचं झालं आहे. बघणारे इंदूरचेच असतात, फक्त राहतात न्यू जर्सीत, लंडनला, दुबईत नाहीतर सिडनीत. त्यांच्यासाठी वेबसाइटवर टायमर टाकला जातो. तो टाकायला पाच मिनिटं लागतात, आणि मग कार्यक्रमाच्या दिवशी फोन सुरू होतात: "दादा, इथे तर कार्यक्रम संपला असं दिसतंय." "काकू, अजून दहा तास आहेत ना?"

टायमर स्वतःहून क्वचित चुकतो. त्याला वेळ अर्धवट दिलेली असते. "८ तारखेला सकाळी ६" एवढंच सांगितलं की कुठल्या गावची सकाळ, हे टायमर आपल्या मनाने ठरवतो. कधी सर्व्हरच्या घड्याळाने, कधी बघणाऱ्याच्या फोनच्या घड्याळाने, कधी यूटीसीने, म्हणजे जगभराची घड्याळं ज्या मूळ वेळेवरून मोजली जातात त्या वेळेने. इंदुरात बसून बघाल तर यातल्या निम्म्या चुका दिसतच नाहीत.

पुढचं सगळं एका उदाहरणावरून सांगतो. दिवाळी पहाट, रविवार, ८ नोव्हेंबर २०२६, सकाळी ६, इंदूर. हे उदाहरण मुद्दाम घेतलं आहे, कारण त्याच्या आधीच्या पंधरवड्यात लंडन आणि अमेरिका दोन्हीकडची घड्याळं बदलतात.

## टप्पा १: आधी क्षण ठरवा आणि कागदावर लिहा

संगणकाला हात लावायच्या आधी समितीला एक प्रश्न विचारा: टायमर शून्यावर येईल तेव्हा नक्की काय होणार? सहाला दीपप्रज्वलन, सव्वासहाला पहिलं गाणं, आणि थेट प्रक्षेपण पावणेसहापासून, असं असेल तर या तिन्ही वेळा वेगळ्या आहेत. सभागृहात येणारा चहा घेत थांबेल, मोबाइलवर बघणारा दोन मिनिटांत निघून जाईल. माझ्या मते टायमर प्रक्षेपणात खरोखर काहीतरी दिसू लागण्याच्या वेळेला लावावा. इथे ती वेळ ६ धरू.

आता ती वेळ पूर्ण लिहा: वार, तारीख, महिना अक्षरी, वर्ष, वेळ, आणि "भारतीय वेळ". यातलं काहीही गाळू नका.

मग बघणारे ज्या ज्या गावांत आहेत त्यांची वेळ काढा. ही यादी टायमरमध्ये घालायची नाही. ती शेवटच्या तपासणीसाठी आहे.

- न्यू यॉर्क, न्यू जर्सी: शनिवार ७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०
- सॅन फ्रान्सिस्को: शनिवार ७ नोव्हेंबर, दुपारी ४:३०
- लंडन: रविवार ८ नोव्हेंबर, मध्यरात्रीनंतर १२:३०
- दुबई: रविवार, पहाटे ४:३०
- सिंगापूर: रविवार, सकाळी ८:३०
- सिडनी, मेलबर्न: रविवार, सकाळी ११:३०

अमेरिकेत तारीखच वेगळी आहे, हे नीट बघून घ्या. तिकडच्या मंडळींची दिवाळी पहाट शनिवारी संध्याकाळी आहे. "८ तारखेला भेटू" असा निरोप गेला की तिथले लोक रविवारी सकाळी आंघोळ करून बसतात आणि कार्यक्रम होऊन गेलेला असतो.

सावधान: हा हिशेब आजच्या फरकावरून करू नका. भारताचं घड्याळ वर्षभर एकच, यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. पण अमेरिका आणि युरोपात डेलाइट सेव्हिंग आहे, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करायचं आणि हिवाळ्यात परत मागे आणायचं. २०२६ मध्ये लंडनचं घड्याळ २५ ऑक्टोबरला एक तास मागे येतं, अमेरिकेचं १ नोव्हेंबरला. ऑक्टोबरमध्ये पत्रिका करताना कुणी न्यू जर्सीला फोन लावून "आत्ता तिकडे किती वाजले?" विचारलं, तर फरक साडेनऊ तासांचा निघेल. त्यावरून ७ नोव्हेंबरची वेळ रात्री साडेआठ अशी छापली जाईल. प्रत्यक्षात त्या दिवशी फरक साडेदहा तासांचा आहे आणि कार्यक्रम साडेसातला सुरू होतो. छापलेल्या वेळेवर येणाऱ्याचा पहिला तास गेला.

सिडनीचं उलट. तिथे उन्हाळा येत असतो, म्हणून ४ ऑक्टोबरला घड्याळ एक तास पुढे गेलेलं असतं. सप्टेंबरात काढलेली वेळ नोव्हेंबरात चुकते. दुबई आणि सिंगापूरला ही भानगड नाही. अमेरिकेत ॲरिझोनाच्या बहुतेक भागात आणि ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनलाही घड्याळ बदलत नाही, त्यामुळे "अमेरिकेची वेळ" किंवा "ऑस्ट्रेलियाची वेळ" असं काही नसतं. गावाचं नाव घ्यावं लागतं. वेळ काढायला जागतिक घड्याळाची कुठलीही साइट चालेल, फक्त तिच्यात कार्यक्रमाची तारीख घाला, आजची ठेवू नका.

### रात्री बाराचा घोळ

शक्य असेल तर कुठलीही वेळ रात्री बाराची ठेवूच नका. "शनिवारी रात्री १२" म्हटलं की सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत उभा असलेला इंदूरकर अजून शनिवारच धरतो, संगणकाच्या लेखी मात्र रविवार लागलेला असतो. टायमरमध्ये शनिवार आणि ००:०० घातलं तर तो शुक्रवारची रात्र संपताच शून्यावर येतो, पूर्ण एक दिवस आधी. दिवाळी अंकासाठी साहित्य पाठवायची मुदत, निबंधस्पर्धेची मुदत, सगळीकडे हाच घोळ होतो. "शनिवार, रात्री ११:५९, भारतीय वेळ" असं लिहा. वाद राहत नाही.

## टप्पा २: टायमर कुठल्या जातीचा, ते ओळखा

बहुतेक प्लगइनमध्ये (साइटला जोडायच्या तयार छोट्या प्रोग्रॅममध्ये) टायमरचे दोन-तीन प्रकार असतात आणि त्यांची नावं सारखी वाटतात. फरक असा.

पहिला, ठरलेल्या क्षणाचा. जगात सगळीकडे एकाच क्षणी शून्यावर येतो. थेट कार्यक्रमाला हाच हवा.

दुसरा, बघणाऱ्याच्या घड्याळाचा. ज्याच्या त्याच्या गावी सहा वाजले की त्याच्यापुरता शून्यावर येतो. नववर्षाच्या शुभेच्छांना ठीक. थेट कार्यक्रमाला लावला तर घात होतो: न्यू जर्सीत साडेदहा तास उशिरा संपतो, सिंगापूरला अडीच तास आधी. इंदुरात मात्र अगदी बरोबर चालतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

तिसरा, माणूस पानावर आला की त्याच्यापुरता सुरू होणारा. हा विक्रीवाल्यांचा, "तुमच्यासाठी फक्त १५ मिनिटं" वाला. आपल्याला नको.

सेटिंगमध्ये "व्हिजिटर", "युजर" किंवा "लोकल" असा शब्द टाइम झोनच्या शेजारी दिसला तर थांबा आणि तो कशासाठी आहे ते वाचा. टायमरखाली वेळ बघणाऱ्याच्या गावच्या घड्याळात दाखवणं चांगलं आहे. लक्ष्याची वेळ त्याच्या घड्याळात मोजणं वाईट. एकाच शब्दाखाली दोन्ही गोष्टी असू शकतात.

मुहूर्ताचा टायमर लावणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त सूर्यास्तावर अवलंबून असतो आणि सूर्यास्त गावागणिक बदलतो. इंदूर आणि मुंबईच्या पंचांगातही काही मिनिटांचा फरक पडतो. न्यू जर्सीच्या घरातल्या पूजेला इंदूरचा मुहूर्त घड्याळ बदलून देण्यात अर्थ नाही, त्यांनी त्यांच्या गावचं पंचांग बघावं. मुहूर्त आणि प्रक्षेपण एकाच टायमरवर लादू नका.

## टप्पा ३: साइटचा टाइम झोन, वेळ घालण्याआधी

हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळं बिघडतं. आधी झोन, मग वेळ.

साइट वर्डप्रेस या तयार साधनावर असेल तर सेटिंग्ज, मग जनरल, तिथे टाइमझोन. कुणी हात लावला नसेल तर तिथे बहुधा यूटीसी असतं. यादीतून आशिया गटातलं "कोलकाता" निवडा. यादीत इंदूर नाही, दिल्ली नाही, मुंबईही नाही. सबंध भारताला एकच झोन आहे आणि तो कोलकात्याच्या नावाने नोंदलेला आहे. काही जुन्या याद्यांत "कॅलकटा" दिसेल, तेही तेच. "यूटीसी +५:३०" निवडलंत तरी भारतापुरतं चालतं, पण शहर निवडायची सवय बरी. उद्या लंडनच्या मंडळाची साइट सांभाळायची वेळ आली तर आकडा निवडून डेलाइट सेव्हिंगला फसाल.

जतन करा. त्याच पानावर साइटची स्थानिक वेळ दिसते. ती हातातल्या घड्याळाशी जुळवून बघा.

आधीच टायमर लावलेला असेल तर: झोन बदलल्यावर त्यातली वेळ उघडून पुन्हा घाला. काही प्लगइन नुसते आकडे साठवतात आणि नव्या झोनमध्ये वाचतात, काही जुना क्षण धरून ठेवतात आणि दिसणारी वेळ साडेपाच तासांनी सरकवतात. तुमचा कुठल्या जातीचा, याचा शोध घेत बसण्यापेक्षा वेळ नव्याने घालणं सोपं.

तयार साइट नसून कुणा ओळखीच्या मुलाने पान लिहून दिलं असेल, तर सर्व्हर कुठल्या घड्याळावर चालतो हे त्याला विचारा. होस्टिंग इंदूरच्या दुकानातून घेतलं म्हणजे सर्व्हर इंदूरच्या वेळेवर असतो असं नाही.

## टप्पा ४: वेळ घाला, जशी आहे तशी

झोन भारताचा असेल तर भारताची वेळ घाला. साडेपाच तास मनातल्या मनात वजा करू नका. दोघातिघांनी मिळून काम करताना एकाने यूटीसी करून वेळ घातलेली असते, दुसऱ्याने नंतर झोन दुरुस्त केलेला असतो, आणि टायमर मध्यरात्री साडेबारालाच संपतो. रूपांतराचं काम यंत्राचं.

तारीख शक्यतो कॅलेंडरवर बोट ठेवून निवडा, टाइप करू नका. ०८/११/२०२६ हे आपल्याला ८ नोव्हेंबर वाटतं. अमेरिकन पद्धतीने वाचणारा प्रोग्रॅम त्याला ११ ऑगस्ट समजतो, म्हणजे टायमर लावल्या लावल्या "कार्यक्रम संपला". दिवस बाराच्या पुढचा असेल तर तेवढंही नशीब नाही: तेरावा महिना नसल्यामुळे टायमरच्या जागी "एनएएन" (म्हणजे "हा आकडा नाही") अशी इंग्रजी अक्षरं उमटतात.

सकाळ-संध्याकाळची खूण तपासा. २४ तासांचं घड्याळ असेल तर सकाळचे सहा म्हणजे ०६:००, संध्याकाळचे १८:००.

### स्वतः कोड लिहिणाऱ्यांसाठी

जावास्क्रिप्टमध्ये वेळ या साच्यात द्या:

२०२६-११-०८टी०६:००:००+०५:३०

इथे अंक देवनागरीत छापले आहेत आणि "टी" मराठीत आहे. कोडमध्ये अंक इंग्रजी आणि अक्षर इंग्रजी मोठं "टी" हवं. देवनागरी अंक तसेच चिकटवले तर तारीख अवैध ठरते आणि पुन्हा तेच "एनएएन". याची उलट बाजूही आहे. पडद्यावर मराठी अंक दाखवायला मराठी लोकेल वापरलं असेल, तर पडद्यावरचा आकडा परत वाचून त्यावर हिशेब करू नका. दाखवायचं वेगळं, मोजायचं वेगळं.

शेवटचं +०५:३० हा या ओळीचा प्राण आहे. ते गाळलं तर ब्राउझर वेळ बघणाऱ्याच्या गावची धरतो. आणखी फसवी गोष्ट अशी की फक्त तारीख दिली, वेळ दिलीच नाही, तर नियम पालटतो: तेव्हा यूटीसीची मध्यरात्र धरली जाते, म्हणजे भारतात पहाटे साडेपाच. एकाच भाषेत, एकाच आदेशात, वेळ लिहिली की स्थानिक आणि गाळली की यूटीसी. या नियमाने भल्याभल्यांना रडवलं आहे.

तारीख आणि वेळेच्या मध्ये "टी"ऐवजी मोकळी जागा सोडली तर तुमच्या लॅपटॉपवर चालेल, जुन्या आयफोनवर चालणार नाही. वर्ष, महिना, दिवस असे सुटे आकडे देत असाल तर महिना शून्यापासून मोजला जातो. नोव्हेंबर म्हणजे १०. तिथे ११ लिहिलं की टायमर डिसेंबरला जातो.

दर सेकंदाला उरलेल्या आकड्यातून एक वजा करू नका. दर वेळी लक्ष्याच्या वेळेतून आत्ताची वेळ वजा करा. ब्राउझर मागे पडलेल्या टॅबची गती कमी करतो. बराच वेळ लपून राहिलेल्या टॅबमध्ये क्रोम असे हिशेब मिनिटातून एकदाच चालू देतो. एक-एक वजा करणारा टायमर अशा टॅबमध्ये रेंगाळतो आणि परत आल्यावर चुकीचा वेळ दाखवत बसतो.

तपासणी: वेळ सहाऐवजी सात करून जतन करा. टायमरमध्ये बरोबर एक तास वाढला का? वाढला नसेल तर तुमची वेळ वाचलीच जात नाही, फक्त तारीख वाचली जाते. बघून झाल्यावर वेळ पुन्हा सहा करा. हे करायचं विसरून जाणारे आहेत, म्हणून सांगितलं.

## टप्पा ५: शून्यानंतर काय

टायमर शून्यावर आल्यावर पानावर काय दिसणार, ते आत्ताच ठरवा. काहीच ठरवलं नाही तर उणे आकडे मोजत बसणारे टायमर असतात, आणि नुसतं गायब होणारेही. "कार्यक्रम सुरू आहे, इथे बघा" असा मजकूर आणि लिंक यायला हवी. ती लिंक शून्याची वाट न बघता पंधरा मिनिटं आधीपासूनच दिसू द्या, कारण एखाद्याच्या फोनचं घड्याळ मागे असेल तर तो सुरुवातीला मुकतो. प्रक्षेपण तसंही काही सेकंद उशिरा पोचतं, तेव्हा सेकंदाच्या काट्याचा आग्रह धरण्यात हशील नाही.

## टप्पा ६: दोन घड्याळांची तपासणी

सगळ्यात जास्त हाच टप्पा गाळला जातो. वेळ मात्र जेमतेम दहा मिनिटं लागते.

एक फोन जसा आहे तसा ठेवा. दुसऱ्या फोनच्या सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ उघडा, "आपोआप टाइम झोन" बंद करा आणि झोन न्यू यॉर्कचा करा. फक्त झोन बदला, घड्याळाचे काटे हाताने फिरवू नका. काटे फिरवले की फोनच्या लेखी खरोखरच वेगळा क्षण होतो आणि तपासणीचा अर्थ जातो.

आता दोन्ही फोनवर पान नव्याने उघडा, शक्यतो इनकॉग्निटो टॅबमध्ये, नाहीतर जुनं साठवलेलं पानच दिसेल. बघायचं ते हे:

उरलेला वेळ दोन्हीकडे तोच हवा. रविवारी, १ नोव्हेंबरला संध्याकाळी सहाला इंदुरात बघत असाल तर ६ दिवस १२ तास. न्यू यॉर्कच्या फोनवरही ६ दिवस १२ तासच. तिथे वेगळा आकडा आला तर टायमर दुसऱ्या जातीचा आहे, टप्पा २ वर परत जा.

कार्यक्रमाची छापलेली वेळ मात्र वेगळी हवी. ती बघणाऱ्याच्या गावच्या घड्याळात दाखवत असाल तर इंदूरच्या फोनवर रविवार सकाळी ६, न्यू यॉर्कच्या फोनवर शनिवार संध्याकाळी ७:३०. टप्पा १ मध्ये केलेली यादी इथे कामाला येते.

मग झोन सिडनीचा करून एकदा, लंडनचा करून एकदा. लॅपटॉपवर क्रोम वापरणाऱ्यांना फोन बदलायची गरज नाही: डेव्हलपर टूल्समधल्या सेन्सर्समध्ये ठिकाण बदललं की त्या टॅबपुरता टाइम झोनही बदलतो.

दिवसांच्या आकड्यावरून फोन येतील तेही सांगून ठेवतो. "कार्यक्रम पुढच्या रविवारी, आज रविवार, म्हणजे सात दिवस ना? मग सहाच का दाखवतंय?" टायमर पूर्ण चोवीस तासांचे दिवस मोजतो, आपण तारखा मोजतो. ही चूक नाही, दुरुस्त करायला जाऊ नका.

## टप्पा ७: पोस्टर, निरोप आणि कॅलेंडर

टायमर बरोबर आणि व्हॉट्सॲपवरचा निरोप चुकीचा, असं झालं की लोक निरोपावरच विश्वास ठेवतात. निरोप असा:

"दिवाळी पहाट. रविवार, ८ नोव्हेंबर २०२६, सकाळी ६ (भारतीय वेळ). न्यू जर्सी: शनिवार, ७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०. लंडन: रविवार, ८ नोव्हेंबर, मध्यरात्रीनंतर १२:३०. तुमच्या गावची वेळ आणि टायमर लिंकवर."

प्रत्येक गावाशेजारी वार आणि तारीख दोन्ही लिहा. भारतीय वेळेसाठी "आयएसटी" लिहू नका, कारण आयर्लंड आणि इस्रायलही आपल्या वेळेला तीच अक्षरं वापरतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेसाठी लिहिलेलं "ईएसटी" तर हमखास चुकतं. अमेरिकेतले लोक बोलताना बाराही महिने ईएसटी म्हणतात, पण ती फक्त हिवाळ्यातली वेळ आहे. उन्हाळ्यातल्या कार्यक्रमाला कुणी ते अक्षरशः घेतलं की एक तासाने चुकला. शहराचं नाव कधी फसवत नाही.

कॅलेंडरची नोंद पाठवत असाल तर गूगल कॅलेंडरमध्ये वेळेच्या शेजारचा टाइम झोन उघडून बघा. झूमच्या मीटिंगलाही तेच. घोटाळा होतो तो मीटिंग लावणारे काका मुलाकडे अमेरिकेत गेलेले असतात तेव्हा. त्यांचा लॅपटॉप तिथल्या वेळेवर असतो, ते मनात इंदूरचे सहा धरतात आणि मीटिंग तिथल्या सहाला लागते. यूट्यूबवर थेट प्रक्षेपणाची वेळ लावतानाही काळजी हीच. बघणाऱ्याला मात्र यूट्यूब त्याच्या गावची वेळ आपोआप दाखवतं, त्यामुळे यूट्यूबचं पान परदेशातल्यांसाठी चांगला दुसरा आधार ठरतं.

वेबसाइटवरून कॅलेंडरची फाइल उतरवायची सोय दिली असेल तर ती न्यू यॉर्कच्या झोनमधल्या फोनवर उघडून बघा. फाइलमध्ये झोन लिहिलेला नसेल तर नोंद "सकाळी ६" अशी तरंगत राहते आणि ज्याच्या त्याच्या सकाळी सहाला जाऊन बसते.

## टप्पा ८: वेळ बदलली तर, आणि आदल्या रविवारी

वेळ पुढे-मागे झाली तर आधी टायमर बदला, साइटची कॅश (साठवून ठेवलेली जुनी पानं) रिकामी करा, दुसऱ्या फोनवर बघा, आणि मगच निरोप पाठवा. उलट केलंत तर निरोप वाचून लिंक उघडणाऱ्याला जुनाच टायमर दिसेल आणि कुणाचं खरं मानायचं हा प्रश्न उभा राहील.

१ नोव्हेंबरला अमेरिकेचं घड्याळ बदलल्यावर टप्पा ६ एकदा पुन्हा करा. क्षण बरोबर साठवलेला असेल तर टायमर हलणार नाही. हाताने लिहिलेल्या वेळा कुठेतरी राहिल्या असतील तर त्या याच दिवशी सापडतात.

## चूक किती तासांची आहे, त्यावरून कारण

तक्रार आली की सेटिंग चाळत बसू नका. आधी विचारा: कुठल्या गावाहून बघताय, आणि टायमर नक्की किती तासांनी चुकतोय? आकडाच बहुतेक वेळा सगळं सांगून टाकतो.

साडेपाच तास उशीर, म्हणजे इंदुरात साडेअकराला शून्य: साइटचा झोन यूटीसी राहिला आहे. साडेपाच तास आधी, म्हणजे मध्यरात्री साडेबाराला: कुणीतरी हाताने वजाबाकी केली आहे. पण साडेपाच तास आधीची तक्रार फक्त सिडनीहून आली असेल तर घाई करू नका. नोव्हेंबरात सिडनी भारताच्या बरोबर साडेपाच तास पुढे असते, त्यामुळे बघणाऱ्याच्या घड्याळाचा टायमरही तिथे नेमका एवढाच चुकतो. दुबईच्या कुणाला तरी विचारा. तिथे दीड तास उशीर निघाला तर टायमरची जात चुकली आहे.

अर्धा तास: अर्ध्या तासाचा झोन न घेणाऱ्या साधनात कुणीतरी +५ किंवा +६ घातलं आहे. +५ ने अर्धा तास उशीर होतो, +६ ने अर्धा तास आधी. सकाळी सहाच्या कार्यक्रमात मात्र अर्धा तास आधीचं दुसरंही कारण असू शकतं: वेळ वाचलीच गेली नाही, फक्त तारीख वाचली गेली आणि पहाटे साडेपाचला शून्य झालं. दोन्हीतलं कुठलं, ते टप्पा ४ मधल्या सात वाजताच्या तपासणीने कळतं.

एक तास, आणि तोही फक्त अमेरिका किंवा लंडनहून: डेलाइट सेव्हिंग. टायमरला दोष देऊ नका, पोस्टर बघा.

अकरा तास उशीर, संध्याकाळी पाचला शून्य: अधिकच्या जागी उण्याची खूण पडली आहे. बारा तास: सकाळ-संध्याकाळ. एक दिवस: रात्री बारा. एक महिना: शून्यापासूनचे महिने.

प्रत्येक गावी वेगळा फरक, इंदुरात बरोबर: दुसऱ्या जातीचा टायमर, नाहीतर कोडमधून +०५:३० गळलं आहे.

दोन-चार मिनिटं, एकाच माणसाला: त्याच्या फोनचं घड्याळ. त्याला "आपोआप वेळ" सुरू करायला सांगा. अशा तक्रारी बऱ्याच येत असतील तर टायमरला बघणाऱ्याच्या घड्याळाऐवजी सर्व्हरकडून आत्ताची वेळ घ्यायला लावता येतं. पान लिहिणाऱ्या मुलासाठी ते काम फार मोठं नाही, पण दोनशे बघणाऱ्यांच्या कार्यक्रमासाठी मी त्याच्या मागे लागणार नाही. पंधरा मिनिटं आधी दिसणारी लिंक तेवढ्यापुरती पुरते.